संवर्धकांचे परदेशगमन आणि कौशल्य मूल्यांकन

संवर्धक म्हणजे चित्रे, हस्तलिखिते, वस्त्रे, धातूच्या व दगडाच्या वस्तू, छायाचित्रे, भित्तिचित्रे इत्यादी सांस्कृतिक ठेव्याची अवस्था तपासून त्याची झीज रोखणारी आणि आवश्यक तेथे त्यावर उपचार करणारी प्रशिक्षित व्यक्ती होय. असा संवर्धक दुसऱ्या देशात जाऊन तोच व्यवसाय करू इच्छितो तेव्हा त्याचे शिक्षण आणि अनुभव त्या देशाच्या मापाने तपासले जातात. या तपासणीस कौशल्य मूल्यांकन असे म्हणतात. डॉक्टर, वकील किंवा वास्तुविशारद यांच्याप्रमाणे संवर्धकांची नोंदणी करणारी वैधानिक परिषद भारतात नाही. त्यामुळे परदेशी मूल्यांकन संस्थेपुढे भारतीय संवर्धकाला नोंदणी क्रमांक दाखवता येत नाही. आपण संवर्धकच आहोत हे त्याला पदवी, अनुभवपत्रे आणि केलेल्या कामाच्या नोंदी यांच्या आधारे सिद्ध करावे लागते.

संज्ञा

मराठीत या व्यवसायासाठी एकच रूढ शब्द नाही. ‘संवर्धक’, ‘संवर्धनतज्ज्ञ’, ‘जतनतज्ज्ञ’ असे पर्याय वापरले जातात. ‘संवर्धन’ या शब्दात मुळात वाढविण्याचा अर्थ आहे. वृक्षसंवर्धन, पशुसंवर्धन हे त्याचे परिचित उपयोग आहेत. जुनी पोथी वाढवायची नसते, आहे तशी टिकवायची असते; या दृष्टीने ‘जतन’ हा शब्द अधिक नेमका ठरला असता. तथापि शासकीय व शैक्षणिक व्यवहारात ‘संवर्धन’ हाच शब्द स्थिरावला आहे.

इंग्रजीतील ‘कन्झर्व्हेटर’ ही संज्ञाही भारतात संदिग्ध आहे. सर्वसामान्य भारतीय प्रशासकीय वापरात ‘कन्झर्व्हेटर’ म्हणजे वनसंरक्षक, अर्थात वनखात्यातील अधिकारी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातील ‘कन्झर्व्हेशन असिस्टंट’ हे पद बहुधा स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या व्यक्तीकडे असते आणि स्मारकाच्या बांधकामाच्या दुरुस्तीवर देखरेख करणे हे त्याचे काम असते. याउलट त्याच खात्याच्या विज्ञान शाखेतील ‘सहायक पुरातत्त्व रसायनतज्ज्ञ’ या पदनामात संवर्धन हा शब्दही नाही. मात्र दगडावरील शेवाळ काढणे, भित्तिचित्रांवरील काजळी स्वच्छ करणे, सुटलेले रंगाचे पापुद्रे पुन्हा बसविणे ही खरी संवर्धकाची कामे तोच करतो. मूल्यांकन करणारा परदेशी अधिकारी प्रथम पदनाम वाचतो. म्हणून प्रत्यक्ष कामाचे सविस्तर वर्णन जोडले नाही, तर पहिला अर्जदार चुकीच्या गटात जाण्याचा आणि दुसरा गटाबाहेर राहण्याचा धोका असतो.

व्यवसायाची आंतरराष्ट्रीय व्याख्या आंतरराष्ट्रीय वस्तुसंग्रहालय परिषदेच्या (आयकॉम) संवर्धन समितीने १९८४ साली कोपनहेगन येथे स्वीकारली. कारागीर व कलावंत यांच्याहून संवर्धक वेगळा कसा, हे तीत स्पष्ट केले आहे. त्याच समितीने २००८ साली नवी दिल्ली येथील अधिवेशनात संज्ञांची घडी बसवली. झीज होऊच नये म्हणून घेतलेली काळजी ते प्रतिबंधक संवर्धन. चालू असलेली झीज थांबविणे ते उपचारात्मक संवर्धन. आणि वस्तू समजण्यास, पाहण्यास सुलभ व्हावी म्हणून केलेले काम ते पुनःस्थापन. या तिन्हींचा समावेश ‘संवर्धन’ या एका शब्दात होतो, असे तेथे ठरले. अर्जात आपल्या कामाचे वर्णन करताना या तीन संज्ञा ज्याला काटेकोरपणे वापरता येतात, त्याचा अर्ज वाचणाऱ्याला लवकर उमगतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात संवर्धकांची ये-जा पूर्वी उलट दिशेने झालेली आहे. अजिंठ्याची लेणी हैदराबाद संस्थानात होती, तेव्हा निजाम सरकारने १९२०च्या सुमारास लोरेन्झो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना भित्तिचित्रांच्या संरक्षणासाठी पाचारण केले. त्यांनी सुटणारे पापुद्रे बसवले. परंतु चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळसर व काळपट पडला. तो काढण्याचे काम नंतरच्या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना करावे लागले. उपचारासाठी वापरलेले द्रव्य पुढच्या पिढीला काढता आले पाहिजे, हे आजच्या संवर्धनशास्त्राचे तत्त्व या उदाहरणावरून चांगले समजते. कौशल्य मूल्यांकनात उमेदवाराच्या विचारपद्धतीची जी परीक्षा होते, ती मुख्यतः याच तत्त्वाभोवती फिरते.

भारतात पुरातत्त्व रसायनतज्ज्ञाचे पद १९१७ साली निर्माण झाले आणि मोहम्मद सना उल्लाह हे त्या पदावरील पहिले अधिकारी होते. १९५६ साली युनेस्कोची सर्वसाधारण परिषद नवी दिल्लीत भरली असता सांस्कृतिक ठेव्याच्या जतनासाठी एक आंतरराष्ट्रीय केंद्र स्थापण्याचा निर्णय झाला. तेच पुढे १९५९ पासून रोम येथे कार्यरत झालेले ‘इक्रोम’. लखनौ येथील राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा १९७६ साली ओ. पी. अग्रवाल यांच्या पुढाकाराने सुरू झाली. ‘इन्टॅक’ची स्थापना १९८४ साली झाली व तिने पुढे निरनिराळ्या शहरांत संवर्धन केंद्रे उभारली. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेला १९८९ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कलेतिहास, संग्रहालयशास्त्र व संवर्धन हे तिचे तीन विषय होत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे कलासंवर्धन केंद्र आहे आणि मुंबई विद्यापीठाशी संलग्न असा संग्रहालयशास्त्र व संवर्धन या विषयाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही तेथे चालतो. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्या संग्रहांमुळे हस्तलिखितांच्या जतनाला महत्त्व आले; २००४ साली भांडारकर संस्थेवर झालेल्या हल्ल्यानंतर तर या कामाकडे सर्वसामान्यांचेही लक्ष गेले.

या सर्व संस्थांतून बाहेर पडणाऱ्यांची संख्या मर्यादित आहे आणि कायमस्वरूपी पदे त्याहून थोडी. बरेच संवर्धक प्रकल्पापुरत्या नेमणुकीवर किंवा स्वतंत्रपणे काम करतात. परदेशगमनाचा विचार होतो तो पुष्कळदा याच कारणाने, आणि मूल्यांकनात अडचण येते तीही याच कारणाने.

मूल्यांकन, तुलनापत्र, मान्यता आणि परवाना

या चार गोष्टींची नेहमी गल्लत होते. कौशल्य मूल्यांकन हे स्थलांतराच्या अर्जासाठी असते. अमुक व्यक्तीचे शिक्षण व अनुभव अमुक व्यवसायास अनुरूप आहे, एवढेच ते सांगते. तुलनापत्रात केवळ पदवीचा विचार असतो; भारतीय पदवी त्या देशातील कोणत्या पातळीच्या बरोबरीची, हे त्यात लिहिलेले असते. व्यावसायिक मान्यता समव्यावसायिकांची संघटना देते आणि ती बहुधा ऐच्छिक असते. परवाना कायद्याने लागतो. संवर्धकाच्या बाबतीत तो फार थोड्या देशांत आवश्यक आहे. यांपैकी एक मिळाले म्हणून दुसरे मिळत नाही, आणि चारही मिळाले तरी नोकरी मिळाली असे होत नाही.

ऑस्ट्रेलिया

कौशल्य मूल्यांकन ही संज्ञा तिच्या पूर्ण अर्थाने लागू होते ती ऑस्ट्रेलियाला. तेथील व न्यूझीलंडमधील व्यवसायांच्या ‘अँझ्स्को’ या वर्गीकरणात संवर्धकाचा स्वतंत्र सांकेतांक आहे : २३४९११. ग्रंथालये, अभिलेखागारे, वस्तुसंग्रहालये, कलादालने इत्यादींमधील साहित्य व वस्तू यांच्या संवर्धनाची आखणी व व्यवस्था करणारा, असे त्याचे वर्णन आहे. विशेष म्हणजे हा सांकेतांक निसर्गविज्ञान व भौतिकविज्ञान यांतील व्यावसायिकांच्या गटात येतो. वस्तुसंग्रहालयाचा अभिरक्षक २२४२१२ या सांकेतांकाखाली माहिती व्यवस्थापनाच्या गटात, तर संग्रहालयातील तंत्रसहायक ३९९३११ खाली तिसऱ्याच गटात येतो. भारतातील लहान संग्रहालयात एकच माणूस सकाळी वस्तूंची नोंदवही लिहितो, दुपारी कपाटातील कसर काढतो आणि संध्याकाळी शाळेच्या सहलीला दालन दाखवितो. अशा माणसाने कोणता सांकेतांक निवडावा, हा प्रश्न सोपा नाही. पदनाम काय आहे यापेक्षा कामाचा अधिकांश वेळ कशात गेला, यावर तो ठरतो. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी कार्यालयाने ‘ऑस्का’ हे नवे वर्गीकरण प्रसिद्ध केले असून स्थलांतराच्या नियमांत ते कसे लागू होते, हे अर्जाच्या वेळी पाहावे लागते.

संवर्धक या व्यवसायाचे मूल्यांकन मेलबर्न येथील ‘व्हेटअसेस’ ही संस्था करते. तीत दोन भाग असतात. पहिला भाग शिक्षणाचा : पदवीची पातळी ऑस्ट्रेलियन पदवीशी तुल्य आहे का, आणि तिचा विषय व्यवसायाशी निकटचा आहे का. दुसरा नोकरीचा : पदवीनंतरच्या आणि अलीकडच्या काळातील, सशुल्क, त्याच व्यवसायातील व त्याच कौशल्यपातळीवरील काम किती. तीन वर्षांच्या भारतीय पदवीची तुलना करताना ती देणाऱ्या संस्थेचा दर्जाही विचारात घेतला जातो; त्यामुळे तीच पदवी दोन विद्यापीठांची असल्यास निर्णय वेगळा येऊ शकतो. रसायनशास्त्राची पदवी व त्यावर संवर्धनाची पदव्युत्तर पदवी असा क्रम या ठिकाणी सर्वांत सुरक्षित ठरतो. इतिहासाची पदवी व वर्षाची पदविका असा क्रम असेल, तर पदविकेत शिकलेल्या विषयांची तपशीलवार यादी जोडणे श्रेयस्कर असते.

मूल्यांकन अनुकूल आले म्हणजे व्हिसा मिळाला असे नाही. स्वतंत्र (१८९), राज्यपुरस्कृत (१९०) आणि प्रादेशिक (४९१) या गुणाधारित व्हिसांसाठी व्यवसाय त्या त्या यादीत असावा लागतो, वय ४५ वर्षांच्या आत असावे लागते, इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते आणि किमान ६५ गुण भरावे लागतात. वयासाठीचे सर्वाधिक, म्हणजे ३० गुण २५ ते ३२ या वयात मिळतात. संवर्धनाचे शिक्षण लांबलेले असते व अनुभव उशिरा जमतो. त्यामुळे अनुभवाचे गुण वाढू लागतात त्याच सुमारास वयाचे गुण उतरणीला लागतात. यांतून वाट काढण्यासाठी काहीजण आधी विद्यार्थी म्हणून जातात. मेलबर्न विद्यापीठाच्या ग्रिमवेड केंद्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रम यासाठी परिचित आहे, मात्र तो खर्चिक आहे. संवर्धकांची ऑस्ट्रेलियन संघटना (१९७३) वेगळी असून तिचे सदस्यत्व व्यवसायात उपयोगी पडते; स्थलांतराच्या अर्जातील मूल्यांकनाची जागा ते घेत नाही.

इतर देश

कॅनडाच्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात संवर्धक व अभिरक्षक यांना मिळून ५११०१ हा एकच सांकेतांक आहे. ‘एक्सप्रेस एन्ट्री’ पद्धतीत येथे कौशल्याचे वेगळे मूल्यांकन होत नाही. नेमून दिलेल्या संस्थांपैकी एकीकडून शैक्षणिक तुलनापत्र घ्यावे लागते. असे पत्र पाच वर्षे ग्राह्य असते. अनुभवाची छाननी स्थलांतर अधिकारीच करतो. व्यावसायिक संवर्धकांची कॅनडातील संघटना स्वतंत्रपणे मान्यता देते. ओटावा येथील कॅनेडियन संवर्धन संस्था (१९७२) आणि किंग्स्टन येथील क्वीन्स विद्यापीठाचा अभ्यासक्रम ही तेथील या क्षेत्रातील मुख्य केंद्रे होत.

ब्रिटनमध्ये संवर्धकाला कायद्याने परवाना लागत नाही. कुशल कामगाराचा व्हिसा नोकरी देणाऱ्या संस्थेच्या पुरस्कारावर मिळतो; म्हणजे कौशल्याची पारख मुलाखतीतच होते. मात्र ‘आयकॉन’ या संस्थेची (अनेक जुन्या संघटना एकत्र येऊन २००५ साली स्थापन) मान्यता तेथे मोलाची समजली जाते. ती केवळ परीक्षेने मिळत नाही. उमेदवार आपल्या निवडक प्रकल्पांचे निवेदन सादर करतो आणि दोन समव्यावसायिक त्याच्या कामाच्या जागी येऊन प्रत्यक्ष काम पाहतात, प्रश्न विचारतात. अमुक रसायन का वापरले याइतकेच अमुक ठिकाणी काहीच का केले नाही, यालाही तेथे महत्त्व असते. कौशल्य तपासण्याची ही रीत कागदावर आधारलेल्या रीतीपेक्षा अधिक न्याय्य आहे, यात शंका नाही. दूर देशीच्या उमेदवाराला ती गैरसोयीची आहे, हेही तितकेच खरे.

अमेरिकेतही राष्ट्रीय परवाना नाही. अमेरिकन संवर्धन संस्थेचे (१९७२) समव्यावसायिकांनी तपासून दिलेले सदस्यत्व हीच तेथील मान्यता. डेलावेअर विद्यापीठ व विंटरथर, न्यू यॉर्क विद्यापीठ, बफेलो तसेच लॉस एंजेलिस येथील अभ्यासक्रमांतून आलेल्यांशी भारतीय उमेदवाराला स्पर्धा करावी लागते.

युरोपात इटलीची स्थिती निराळी आहे. २००४ च्या सांस्कृतिक ठेवाविषयक संहितेनुसार तेथे ‘रेस्टॉरेटोरे’ हे नियंत्रित व्यावसायिक अभिधान असून त्यासाठी पाच वर्षांचे विहित शिक्षण लागते. रोमची केंद्रीय पुनःस्थापन संस्था (१९३९) व फ्लॉरेन्सची ओपिफिचिओ या शिक्षणाच्या अग्रगण्य संस्था आहेत. अजिंठ्याला विनापरीक्षा तज्ज्ञ पाठविणाऱ्या देशात आज भारतीय तज्ज्ञाला कठोर परीक्षा आहे, ही काळाची गंमत म्हणावी लागेल.

अनुभवाचा पुरावा

मूल्यांकनात प्रतिकूल निर्णय येतो तेव्हा त्याचे मूळ बहुधा कौशल्याच्या अभावात नसते, पुराव्याच्या अभावात असते. अनुभवपत्र संस्थेच्या अधिकृत कागदावर, तारखेसह, नोकरीचा आरंभ व शेवट, पूर्णवेळ की अंशकालीन, आठवड्याचे तास, वेतन आणि कामांची यादी यांसह असावे लागते. ‘कामात चोख व वर्तणुकीने उत्तम’ अशा आशयाचे पारंपरिक प्रशस्तिपत्र येथे उपयोगी पडत नाही. वेतनाचा पुरावा म्हणून पगारपत्रके, फॉर्म १६, बँकेचे खातेउतारे किंवा भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी मागितल्या जातात.

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या संवर्धकाची येथेच कुचंबणा होते. देवस्थानाच्या विश्वस्तांनी उत्सवमूर्ती स्वच्छ करून घेतली, एखाद्या वाड्याच्या मालकाने पूर्वजांचे तैलचित्र दुरुस्त करून घेतले आणि मोबदला रोखीने दिला. काम उत्तम झाले, पण कागद कोठेच नाही. अशा कामांसाठी आरंभापासून लेखी प्रस्ताव, पावती, बँकेतून व्यवहार आणि आयकर विवरणपत्र ही शिस्त पाळलेली असेल तरच ती वर्षे मोजली जातात. विनावेतन उमेदवारी व स्वयंसेवा ही सामान्यतः धरली जात नाहीत, मग ती कितीही प्रसिद्ध प्रयोगशाळेतील असोत. कामांची यादी लिहिताना वर्गीकरणातील व्याख्या शब्दशः उतरवून काढणे हीही नेहमीची चूक आहे. दहा अर्जांत तीच वाक्ये वाचणाऱ्याचा विश्वास उडतो.

कार्यसंग्रह

व्यावसायिक मान्यतेसाठी, आणि नोकरीच्या मुलाखतीसाठी तर निश्चितच, केलेल्या कामांचा संग्रह लागतो. त्यात प्रत्येक वस्तूचा अवस्था अहवाल, उपचाराचा प्रस्ताव, वापरलेली द्रव्ये व त्यांचे प्रमाण, आधीची व नंतरची छायाचित्रे आणि पुढील देखभालीच्या सूचना असाव्यात. ‘आधी मळके, नंतर चकचकीत’ अशी छायाचित्रे सामान्य माणसाला भुरळ घालतात. परीक्षकाला ती शंकेत पाडतात. पितळी मूर्तीवरचा जुना थर घासून काढणे हा संवर्धनाच्या दृष्टीने अपराध असू शकतो.

भारतीय उमेदवाराची जमेची बाजू येथे दिसते. पावसाळ्यातील दमटपणा, वाळवी, कसर, बुरशी आणि विदर्भासारख्या प्रदेशातील कडक उन्हाळा, या सर्वांशी मर्यादित साधनांनिशी झुंजण्याचा अनुभव थंड हवेतील, वातानुकूलित संग्रहालयांत शिकलेल्यांना नसतो. विदर्भात महानुभाव पंथाच्या पोथ्यांची मोठी परंपरा आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे पंथाचे महत्त्वाचे स्थान. पोथी कापडी बस्त्यात घट्ट बांधणे, त्यात वेखंड किंवा कडुनिंबाची पाने ठेवणे, वर्षातून एकदा ती उलगडून वारा देणे हे घरोघरचे उपाय होते. घट्ट बांधण्याने ओलाव्याचे चढउतार मंदावतात व पाने वाकत नाहीत, असे या रीतीचे शास्त्रीय स्पष्टीकरण देता येते. परंपरा म्हणून उपाय सांगणे आणि त्याचे कारण तपासून सांगणे यांत जो फरक आहे, तोच परीक्षक शोधत असतो.

संग्रहाबाबत दोन बंधने लक्षात घ्यावी लागतात. छायाचित्रे व अहवाल हे पुष्कळदा संस्थेच्या मालकीचे असतात. त्यांच्या वापरास लेखी परवानगी घ्यावी लागते. दुसरे बंधन कायद्याचे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते देशाबाहेर नेता येत नाहीत. कामाचा नमुना म्हणून जुन्या पोथीचे सुटे पान किंवा मूर्तीचा भंगलेला तुकडा सामानात नेणे हा गुन्हा ठरू शकतो.

नांदुऱ्यासारख्या गावातून अर्ज

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा हे तालुक्याचे गाव मुंबई–नागपूर लोहमार्गावर मलकापूर व शेगाव यांच्या दरम्यान आहे. महामार्गालगतच्या १०५ फूट उंचीच्या हनुमान मूर्तीमुळे ते प्रवाशांना ठाऊक असते. जिल्ह्यात लोणार येथील दैत्यसूदन मंदिर आणि सिंदखेड राजा येथील लखुजी जाधवांची समाधी अशी महत्त्वाची स्मारके आहेत. म्हणजे संवर्धनाचा विषय येथील विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर दिसतो. त्याचे शिक्षण घेण्यासाठी मात्र मुंबई, दिल्ली किंवा लखनौ गाठावे लागते. परिणामी अशा उमेदवाराची कागदपत्रे तीन-चार ठिकाणी विखुरलेली असतात : दहावी-बारावीची अमरावती विभागीय मंडळाकडे, पदवीची संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडे, पदव्युत्तर शिक्षणाची परराज्यात आणि नोकरीची आणखी कोठे. १९८३ पूर्वी पदवी घेतलेल्यांची कागदपत्रे नागपूर विद्यापीठाची असतात, कारण अमरावती विद्यापीठ त्या वर्षी स्थापन झाले. सर्व सत्रांचे गुण एकत्र दाखविणारी प्रमाणित गुणप्रतिलिपी विद्यापीठाकडूनच मिळते व काही परदेशी संस्थांना ती विद्यापीठाने परस्पर पाठवावी लागते. या कामास लागणारा वेळ मूल्यांकनाच्या वेळेत धरलेला नसतो.

कागदपत्रांतील सर्वांत मोठी अडचण मराठी नावाची. महाराष्ट्राच्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम, मग स्वतःचे व नंतर वडिलांचे नाव असते. परदेशी अर्जात ‘पहिले नाव’ या चौकटीत गुणपत्रिकेप्रमाणे लिहिल्यास आडनावच पहिले नाव होऊन बसते. विवाहित स्त्रीच्या बाबतीत गुंता वाढतो. येथील रूढीनुसार तिचे आडनावच नव्हे, तर मधले नावही वडिलांऐवजी पतीचे होते. माहेरच्या नावाची पदवी आणि सासरच्या नावाचे अनुभवपत्र यांत केवळ एक शब्द समान उरतो, आणि काही घरांत लग्नात तोही बदलतो. ही एकच व्यक्ती आहे हे दाखविण्यासाठी महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ खालील विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, आणि नाव औपचारिकरीत्या बदलले असल्यास महाराष्ट्र शासन राजपत्रातील प्रसिद्धी, हे पुरावे दिले जातात. पत्रिका छापली, मंडपात लग्न झाले, पण नोंदणी केली नाही, अशा जोडप्यांना ती वर्षांनंतर करावी लागते.

रोमन लिपीतील लेखनाचाही प्रश्न आहे. ‘ज्ञ’ हे अक्षर मराठी माणूस ‘डीएन’ या रोमन अक्षरांनी आरंभ करून लिहितो, हिंदी प्रदेशातील कारकून ‘जीवाय’ने. नांदुऱ्याचा ज्ञानेश्वर लखनौच्या प्रमाणपत्रावर वेगळाच दिसतो. सर्व कागदपत्रांतील लेखन पारपत्राप्रमाणे करून घेणे, आणि ते शक्य नसेल तेथे एकाच व्यक्तीची ही दोन रूपे असल्याचे शपथपत्र करणे, हा यावरचा उपाय.

शाळा सोडल्याचा दाखला किंवा ग्रामपंचायत व नगरपरिषदेची प्रमाणपत्रे मराठीत असल्यास त्यांचे इंग्रजी भाषांतर लागते. भाषांतरकाराने आपले नाव, पात्रता व संपर्क नमूद करणे अपेक्षित असते. येथे पदनामाचे भाषांतर जपून करावे लागते. ‘जतन’ हा शब्द एका पत्रात एका इंग्रजी शब्दाने आणि दुसऱ्यात निराळ्या शब्दाने आला, तर नोकऱ्या दोन असल्याचा समज होतो. परराष्ट्र मंत्रालयाचे ‘अपोस्टिल’ (भारत या करारात २००५ साली सामील झाला) सर्वच अर्जांना लागत नाही. अनेक मूल्यांकन संस्था मूळ कागदाची रंगीत प्रतिमा स्वीकारतात. सरसकट सर्व कागदांवर शिक्के मारून घेण्याचा खर्च त्यामुळे पुष्कळदा वाया जातो.

पारंपरिक कारागीर

चुन्याचा गिलावा करणारे गवंडी, पाथरवट, पोथ्या बांधणारे, तांबट अशा कारागिरांचे ज्ञान स्मारकांच्या व वस्तूंच्या जतनात मोलाचे असते. पदवी मात्र त्यांच्याकडे नसते. संवर्धक या सांकेतांकाखाली त्यांना परदेशात स्थान नाही. पाथरवटासारख्या काही कामांचे मूल्यांकन कुशल कारागिरीच्या निराळ्या मार्गाने, प्रात्यक्षिक परीक्षेसह होऊ शकते. भारतात पूर्वानुभवाला प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत (२०१५) आहे, परंतु असे प्रमाणपत्र परदेशी पदवीच्या तोडीचे धरले जात नाही. स्मारकाची भिंत ज्याच्या हाताने उभी राहते त्याला व्याख्येत जागा नसावी, ही या सर्व पद्धतीतील उघड उणीव आहे.

मध्यस्थ, खोटी कागदपत्रे आणि फेरतपासणी

ऑस्ट्रेलियाच्या स्थलांतरविषयक कामात त्या देशात सल्ला देणाऱ्यास तेथील नोंदणी प्राधिकरणाकडे नोंद असावी लागते. कॅनडात २०२१ पासून स्थलांतर सल्लागारांचे नियामक महाविद्यालय हे काम पाहते. भारतातून परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला उत्प्रवासन अधिनियम, १९८३ नुसार नोंदणी प्रमाणपत्र आवश्यक असते. मूल्यांकनाचा अर्ज मात्र उमेदवाराला स्वतः करता येतो. त्यासाठी मध्यस्थ बंधनकारक नाही. अनुकूल निर्णयाची हमी कोणीही देऊ शकत नाही.

अनुभवाची वर्षे वाढवून लिहिलेले किंवा परिचिताच्या संस्थेकडून मिळवलेले पत्र ही क्षुल्लक बाब नाही. मूल्यांकन संस्था दूरध्वनी करून किंवा पत्र पाठवून खातरजमा करतात. ऑस्ट्रेलियात खोट्या कागदपत्रांमुळे अर्ज नामंजूर झाल्यास सामान्यतः तीन वर्षे, तर कॅनडात चुकीच्या माहितीबद्दल पाच वर्षे दार बंद होते. संवर्धकाच्या बाबतीत यात आणखी एक धोका आहे. हा व्यवसाय सर्वत्र लहान असून जगभरातील प्रयोगशाळांतील माणसे परिषदांमुळे एकमेकांना ओळखतात.

प्रतिकूल निर्णयाविरुद्ध फेरतपासणी मागता येते. ती दोन प्रकारची असते : नवीन पुरावा जोडून केलेली आणि त्याच पुराव्याचा पुन्हा विचार व्हावा म्हणून केलेली. दोहोंसाठी शुल्क व मुदत ठरलेली असते. निर्णयपत्रात शिक्षण कमी पडले की अनुभव, हे दिलेले असते. अनुभव कमी पडला असल्यास वर्षभर थांबून नव्याने अर्ज करणे अनेकदा स्वस्त पडते. शिक्षण कमी पडले असल्यास जवळचा दुसरा सांकेतांक, उदाहरणार्थ अभिरक्षक किंवा संग्रहालय तंत्रसहायक, प्रत्यक्ष कामाशी जुळतो का, हे पाहता येते. ऑस्ट्रेलियात अनुकूल मूल्यांकन सर्वसाधारणपणे तीन वर्षे ग्राह्य धरले जाते. त्या अवधीत व्हिसाचे निमंत्रण आले नाही, तर ते नव्याने करून घ्यावे लागते.